औषधांचं एटीएम आणि पडद्यावरचा फार्मासिस्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून लोकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. गोळ्या देणाऱ्या मशीनचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतात आणि मग गिऱ्हाईकं, नातेवाईक, डी.फार्म.ची मुलं सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या वाचकांना धरून आहे.

हे मशीन म्हणजे नेमकं काय? पैसे टाकले की गोळी बाहेर?

नाही. स्टेशनवरच्या चिप्स-कोल्ड्रिंकच्या मशीनसारखं ते दिसतं, पण त्यातून औषध बाहेर पडायच्या आधी एक माणूस मध्ये असतो. तो तिथे उभा नसतो, दुसऱ्या गावातल्या कार्यालयात बसलेला असतो. पडद्यावर तो तुमच्याशी बोलतो, चिठ्ठी तपासतो, आणि त्याने होकार दिल्यावरच आतला यांत्रिक हात हलतो.

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात, म्हणून आधी त्या वेगळ्या करतो. पहिली म्हणजे नुसता लॉकर. दुकानातल्या फार्मासिस्टने औषधं आधीच बांधून ठेवलेली असतात, तुम्ही रात्री-अपरात्री कोड टाकून पाकीट उचलता. दुसरी, दवाखान्यातलं मशीन. डॉक्टर कोड देतात आणि घरी जायच्या आधी तिथेच पहिला कोर्स मिळतो. अमेरिकेत 'इन्स्टीमेड्स' नावाची अशी यंत्रं आहेत. तिसरी म्हणजे संपूर्ण दुकान एका पेटीत आणि फार्मासिस्ट पडद्यावर. हे पान मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

ज्या मशीनचा व्हिडिओ फिरतो ते कुठलं?

बहुतेक वेळा ते दक्षिण आफ्रिकेतलं असतं. जोहान्सबर्गच्या उत्तरेला, सँडटनच्या उंच इमारतींना लागून अलेक्झांड्रा नावाची दाट, गरीब वस्ती आहे. तिथल्या अलेक्झांड्रा प्लाझा या मॉलमध्ये मार्च २०१८ मध्ये हे मशीन सुरू झालं. 'राइट टू केअर' ही संस्था, तिची 'राइट ई-फार्मसी' ही शाखा आणि गाउटेंग प्रांताचा आरोग्य विभाग यांनी मिळून ते उभं केलं. आतला रोबो 'माख फोर' या जर्मन कंपनीचा. पुढे सोवेटो आणि डीपस्लूट भागांतही अशी यंत्रं लागली.

ते तिथेच का लागलं, हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप कळतं. जगातला सगळ्यात मोठा एचआयव्ही उपचार कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेत चालतो. ही गोळी आयुष्यभर रोज घ्यायची असते. रुग्ण ठणठणीत असतो, कामावर जातो, त्याला डॉक्टर नको असतो, फक्त पुढच्या महिन्याच्या गोळ्या हव्या असतात. त्यासाठी सरकारी दवाखान्यात पहाटेपासून रांग लावायची आणि अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवायची. मग एखाद्या महिन्यात माणूस जात नाही. त्या महिन्यात गोळी चुकते आणि विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. जुनाट आजारांची औषधं दवाखान्याबाहेर मिळावीत म्हणून तिथल्या सरकारने २०१४ पासून वेगळा कार्यक्रमच सुरू केला होता. मशीन त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल. बीपी आणि शुगरच्या स्थिर रुग्णांनाही त्यातून औषधं मिळतात.

मशीनसमोर उभं राहिल्यावर काय काय होतं?

आधी दवाखान्यात नाव नोंदवावं लागतं. डॉक्टर किंवा नर्सने 'हा रुग्ण स्थिर आहे' असं ठरवल्यावरच नोंदणी होते. रस्त्यावरून कुणीही येऊन बटण दाबू शकत नाही.

मग ठरलेल्या दिवशी माणूस मॉलमध्ये येतो, ओळखपत्र किंवा कार्ड स्कॅन करतो, पिन टाकतो. पडद्यावर फार्मासिस्ट येतो. दोघांचं बोलणं होतं, कोणकोणती औषधं हवीत ते पक्कं होतं. आत रोबो कप्प्यातून खोका उचलतो, त्यावर त्या माणसाच्या नावाचं आणि डोसचं लेबल लागतं आणि खोका खालच्या खणात येतो. शेवटी पावती निघते, त्यावर पुन्हा कधी यायचं ती तारीख. सगळं सुरळीत असेल तर तीनेक मिनिटांचं काम, असं चालवणारे सांगतात.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती भाषा. मशीन सुरू झालं तेव्हा दक्षिण आफ्रिकेत अकरा अधिकृत भाषा होत्या, आणि त्या अकराही भाषांत बोलणारी माणसं पडद्यामागे असतील अशी सोय केली गेली. झुलू बोलणाऱ्या आजीला झुलूतच उत्तर. कुठल्याही एका दुकानात अकरा भाषा बोलणारा फार्मासिस्ट बसवता येत नाही. दूरच्या कार्यालयात मात्र अकरा भाषांची माणसं बसवता येतात. आता आपल्या धडगाव-अक्कलकुव्यातली पावरी आणि भिली, मेळघाटातली कोरकू, भामरागडची माडिया डोळ्यांपुढे आणा. तिथल्या बाईला आज तिच्या भाषेत 'ही गोळी जेवणानंतर' असं कोण सांगतं? मशीनची बाजू घेणारा माझा पहिला मुद्दा हाच असेल. वेग त्याच्या बराच नंतर येतो.

ही कल्पना आली कुठून?

दोन मुळं. एक अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात. तिथली खेड्यांतली औषधाची दुकानं फार्मासिस्ट मिळेना म्हणून बंद पडत होती. २००१ मध्ये त्या राज्याने नियम केला की दुकानात प्रशिक्षित सहायक असावा आणि फार्मासिस्टने दुसऱ्या गावातून व्हिडिओवर प्रत्येक औषध तपासावं. २००२ पासून तिथल्या विद्यापीठाने हे पद्धतशीर राबवलं. म्हणजे आधी पडदा आला, रोबो नंतर.

दुसरं मूळ कॅनडात. ओंटारियोतल्या ओकव्हिलच्या एका कंपनीने 'फार्माट्रस्ट' नावाचं यंत्र बनवलं. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात ते वापरून पाहिलं गेलं. चिठ्ठी स्कॅन करायची, फोनचा रिसीव्हर उचलायचा, पडद्यावरच्या फार्मासिस्टशी बोलायचं. २००९ मध्ये ओंटारियोने कायदा बदलून दुरून औषध देण्याला वाट करून दिली. तरीही २०१२ मध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि तंत्र 'मेडअव्हेल' या नवीन नावाखाली पुढे गेलं. यंत्र उत्तम असून भागत नाही, पडद्यावरच्या माणसाचा पगार कुणी द्यायचा याचं उत्तर लागतं. अलेक्झांड्रात ते उत्तर सरकार आणि देणगीदारांकडे होतं.

पडद्यावरचा फार्मासिस्ट खरंच काही करतो, की नुसता हात हलवतो?

सगळा विषय या प्रश्नावर उभा आहे, म्हणून उत्तर लांब देतो.

फार्मासिस्टचं काम म्हणजे खोका उचलून देणं, असा समज आहे. खोका रोबो आमच्यापेक्षा चांगला उचलतो. आमचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

एक उदाहरण. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. सोबत फोलिक ॲसिडची गोळी असते. चिठ्ठीवर दोन्ही एकाखाली एक लिहिलेल्या, दोन्ही पिवळट, लहान. माणूस घरी जातो आणि मेथोट्रेक्सेट रोज घेऊ लागतो. काही दिवसांत तोंडात फोड येतात, मग रक्तातल्या पेशी घसरतात, आणि यात माणसं दगावलेली आहेत. चिठ्ठी बरोबर होती, खोकाही बरोबर होता. म्हणून ही गोळी देताना मी सांगत बसत नाही, विचारतो : "काका, ही कोणत्या वारी घेणार?" "रविवारी," असं उत्तर आलं तरच पट्टी हातात देतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवार' लिहितो. "रोज रात्री" असं उत्तर आलं तर त्या माणसाला बाकावर बसवून सगळं पहिल्यापासून सांगतो. घरून कुणाला तरी फोनवर घेतो.

आता हे पडद्यावरून करता येईल का? येईल. प्रश्न विचारायला स्पर्श लागत नाही. अलेक्झांड्रातल्या रुग्णालाही असंच काही विचारावं लागतं. तिथे एचआयव्हीसाठी आता मुख्यतः डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी रोज देतात. त्याच माणसाला टीबी होऊन रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर डोल्युटेग्राविरचा डोस वाढवावा लागतो, नाहीतर औषध पुरत नाही. ॲसिडिटीच्या काही गोळ्या किंवा लोहाची गोळी त्याच वेळी घेतली तरीही परिणाम कमी होतो. "मध्यंतरी दुसरं कुठलं औषध सुरू झालं का?" हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं, आणि तो न विचारणारं मशीन मला चालणार नाही.

धोका पडद्यात नाही, घाईत आहे. अमेरिकेत १९९० च्या एका केंद्रीय कायद्यानंतर फार्मासिस्टने सल्ला देऊ करणं बंधनकारक झालं. प्रत्यक्षात बऱ्याच काउंटरवर गिऱ्हाईक घाईघाईत सही करतं आणि त्या सहीचा एक अर्थ 'सल्ला नको' असा होतो. मशीनवर तर असं बटण ठेवणं आणखी सोपं. पहिल्यांदा सुरू होणाऱ्या औषधाला ते बटण दिसताच कामा नये.

मशीन चुकीचं औषध देतं का?

खोका ओळखण्यात ते माणसापेक्षा कमी चुकतं, कारण ते नाव वाचत नाही, बारकोड वाचतं. सारखी नावं आणि सारख्या रंगाची पाकिटं यांत माझी नजर फसू शकते, बारकोडची फसत नाही. पण आत भरणी करणाराने चुकीच्या कप्प्यात चुकीचा माल न तपासता लोटला, किंवा संगणकात डोस चुकीचा नोंदला, तर ती चूक मशीन अगदी इमानदारीने पुढे नेतं. म्हणून चांगल्या यंत्रात भरताना एकदा आणि बाहेर काढताना एकदा असं दोनदा स्कॅन होतं.

कोणती औषधं यात मिळत नाहीत?

अफूच्या वर्गातली वेदनाशामकं आणि व्यसन लागण्यासारखी औषधं सहसा ठेवत नाहीत. बनवून द्यायची मलमं, मोजून द्यायची औषधं नाहीत. लहान मुलांच्या पावडरमध्ये पाणी घालून सिरप करून द्यायचं असतं, ते रोबोच्या आवाक्याबाहेरचं. इन्सुलिनसाठी आत थंड कप्पा लागतो. तो असला तरी पहिल्यांदा इन्सुलिन घेणाऱ्याला सुई कशी टोचायची हे शेजारी बसून शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात असं मशीन लावता येईल का?

आजच्या कायद्यात बसत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे. नियम ६५ म्हणतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या व्यक्तिगत देखरेखीखालीच दिलं पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ हेच दुसऱ्या बाजूने सांगतं. आणि परवाना मिळतो तो जागेला. किरकोळ विक्रीच्या दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा दाखवावी लागते. एसटी स्टँडच्या कोपऱ्यातली पेटी त्यात कुठून बसणार?

२५ मार्च २०२० ला दूरवैद्यक सेवेची (टेलिमेडिसिन, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती डॉक्टरांसाठी आहेत. फार्मासिस्टने पडद्यावरून काय करावं, काय करू नये, हे त्यात नाही.

मग रेल्वे स्टेशनवर, सरकारी दवाखान्यात 'हेल्थ एटीएम' असतं ते?

ते वजन, बीपी, साखर वगैरे तपासून कागद देतं. चिठ्ठीवरची औषधं देत नाही. नाव सारखं आहे, काम वेगळं.

ऑनलाइन औषधं घरी येतात, मग मशीन कशाला?

शहरात राहणाऱ्या, पत्ता असलेल्या, फोन हाताळणाऱ्या माणसाला घरपोच सेवा पुरते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा पत्ता कुठला टाकणार? एचआयव्हीच्या रुग्णाला घरी पार्सल नकोच असतं, कारण ते सासू उघडते. शिवाय ऑनलाइन औषधविक्रीचा स्वतंत्र नियमही अजून मसुद्यातच अडकलाय. ऑगस्ट २०१८ मध्ये मसुदा आला, सप्टेंबरच्या २८ तारखेला देशभरातल्या केमिस्टनी बंद पाळला, आणि प्रश्न कोर्टकचेऱ्यांत गेला. मशीनचा नियम करायला बसलात तर हा इतिहास समोर ठेवूनच बसावं लागेल.

पडद्यावरची देखरेख 'व्यक्तिगत देखरेख' मानावी का? तुमचं मत काय?

माझ्या व्यवसायातल्या काही जणांना आवडणार नाही, तरी स्पष्ट लिहितो.

आपल्याकडच्या किती दुकानांत भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट असतं आणि तो फार्मासिस्ट दुसऱ्या तालुक्यात नोकरी करत असतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सर्टिफिकेट भाड्याने दिलेलं असतं. काउंटरवर दहावी-बारावी झालेला मुलगा उभा असतो. तो हुशार असतो, चटपटीत असतो, कुठली गोळी कुठल्या खणात आहे हे त्याला झोपेतही सांगता येतं. पण मेथोट्रेक्सेटचा वार विचारायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे यासाठी राज्यभर कडक मोहीम झाली होती. तेव्हा केमिस्ट संघटनांनी केवढा विरोध केला, तोही लोकांना आठवत असेल.

कागदावर हजर असलेल्या माणसापेक्षा पडद्यावर खरोखर हजर असलेला माणूस मला हजार पटींनी बरा वाटतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी बोलणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच ठरवलंय. ते बोलणं जिथे होतं ती देखरेख, मग मध्ये काच असो की काउंटर.

पण हे मत मी अटींवर देतो. पडद्यावर फार्मासिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक पूर्ण वेळ दिसला पाहिजे. एका फार्मासिस्टला एका वेळी एकच रुग्ण. एकूण किती मशीन त्याच्याकडे द्यायची याला मर्यादा हवी, आणि ती मालकाने नाही, फार्मसी कौन्सिलने ठरवावी. 'हे औषध मी देत नाही, डॉक्टरांशी बोलून सांगतो' असं म्हणायचा त्याचा अधिकार आणि पगार दोन्ही शाबूत राहिले पाहिजेत. यातली एक अट जरी सोडली तरी ती पेटी भाड्याच्या सर्टिफिकेटचीच नवी आवृत्ती होईल, आणि तिला माझा विरोध राहील.

कायदा बदलला असं धरू. मग अडचण कुठे येईल?

पट्टी कापण्यापाशी. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, पाचच द्या." आम्ही कात्रीने पट्टी कापतो. बॅच नंबर आणि एक्स्पायरी एका बाजूला राहते, दुसऱ्या तुकड्यावर काहीच नसतं. रोबोला असा तुकडा ओळखता येत नाही, त्याला पूर्ण, सीलबंद, कोड असलेला खोका लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, ही सुरुवात चांगली आहे. पण बाजारातला बाकीचा माल पाहिला तर रस्ता लांबचा आहे. पाच गोळ्या मागणाऱ्याकडे अनेकदा पाचच गोळ्यांचे पैसे असतात, हेही विसरून चालणार नाही. पूर्ण खोका घ्यायला लावणारं मशीन त्याला औषधाविना परत पाठवेल. म्हणून आपल्याकडे हे मशीन आलं तर आधी मोफत सरकारी औषधांसाठी यावं. तिथे महिन्याचा खोका देता येतो आणि पैशांचा प्रश्न येत नाही.

दुसरी अडचण चिठ्ठीची. हाताने खरडलेली चिठ्ठी कॅमेऱ्यातून वाचणं मला तरी धोक्याचं वाटतं. काउंटरवर मी चिठ्ठी उजेडाला धरतो आणि तरीही कळलं नाही तर डॉक्टरांना फोन लावतो. अलेक्झांड्रात हा प्रश्न येत नाही, कारण रुग्णाची नोंदणी आणि औषधं आधीच संगणकात असतात.

तिसरी, पर्यायी ब्रँडची. डॉक्टरने लिहिलेला ब्रँड संपला असेल तर शेड्यूल एच, एच-वन, एक्स या याद्यांमधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांबाबत दुकानदाराने मनाने दुसरा ब्रँड द्यायला नियमाची मनाई आहे. पेटीत जागा मोजकी, ब्रँड हजारो. जेनेरिक नावानेच चिठ्ठी लिहिली गेली तरच पेटीला अर्थ आहे.

लाइट गेली, नेट गेलं तर?

नेट गेलं की व्यवहार थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. फार्मासिस्ट दिसत नसताना औषध देणारं मशीन नको. लाइटचा मुद्दा जास्त गंभीर आहे. बहुतेक गोळ्यांच्या खोक्यावर 'तीस अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात बंद पेटीच्या आत काय होईल याचा विचार करा. तापमानाची नोंद सतत ठेवणारं आणि मर्यादा ओलांडली की विक्री आपोआप बंद करणारं यंत्र असेल तरच विदर्भात त्याचं नाव काढावं.

आमच्या आईला वाचता येत नाही. तिला कसं जमेल?

सुरुवातीला शेजारी एक माणूस उभा ठेवावा लागतो, ओळखपत्र कुठे धरायचं, रिसीव्हर कधी उचलायचा हे दाखवायला. आपल्याकडे हे काम आशाताई सहज करतील, पण त्याचा मोबदला वेगळा मिळाला पाहिजे. त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ फुकटची कामं आहेत. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांचा पडदा लागेल, आणि लेबलवर सूर्य-चंद्राची चित्रं. गोळ्यांच्या पाकिटावर आम्ही आजही सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देतो, ते सगळ्यांना कळतं.

गर्दीत उभं राहून आजाराबद्दल कसं बोलायचं?

मशीनला दोन्ही बाजूंनी आडोसा आणि कानाला लावायचा रिसीव्हर हवा, स्पीकर नको. पडद्यावर आजाराचं नाव येऊ नये. आणि त्याच पेटीतून बीपी-शुगरच्या गोळ्याही मिळाव्यात, म्हणजे तिच्यासमोर कोण उभं आहे यावरून कुणाला काही ताडता येणार नाही. ही काळजी आमच्या काउंटरवर फारशी घेतली जात नाही. गोळ्यांचं नाव मोठ्याने ओरडून मागवलं जातं आणि मागचे चौघे ऐकतात.

मशीन आलं तर फार्मासिस्टच्या नोकऱ्या जातील का?

डी.फार्म.च्या मुलांचा हा पहिला प्रश्न. पडद्यामागे नोंदणीकृत फार्मासिस्टच लागतो, त्याला पर्याय नाही. जाईल ते नुसतं खोका उचलून बिल करण्याचं काम. औषधांच्या आपसातल्या परिणामांचा अभ्यास केलेल्या, दोन भाषा बोलणाऱ्या आणि माणसाला प्रश्न विचारता येणाऱ्या मुलांना मागणी येईल. कोरकू किंवा गोंडी येणाऱ्या मुलामुलींनी तर जरूर फार्मसीला यावं.

मी परदेशात आहे. तिथे असं मशीन दिसलं तर भारतातली चिठ्ठी चालेल का?

कॅनडात नाही. तिथे कॅनडात परवाना असलेल्या डॉक्टरचीच चिठ्ठी लागते. अमेरिकेतही भारतातली चिठ्ठी सहसा स्वीकारत नाहीत. भेटीला जाणाऱ्या आईवडिलांसोबत पूर्ण मुक्कामाची औषधं मूळ खोक्यात आणि जेनेरिक नावाची छापील चिठ्ठी द्या. कापलेल्या पट्ट्या देऊ नका.

मशीनमधून असो की मेडिकलमधून, औषधाने त्रास झाला तर कुठे कळवायचं?

आधी गोळी थांबवावी की नाही हे डॉक्टरांना विचारा. काही औषधं एकदम थांबवणं धोक्याचं असतं. पट्टी आणि खोका फेकू नका, त्यावरचा बॅच नंबर लागतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम गाझियाबादहून चालतो. त्याचा मोफत दूरध्वनी १८००-१८०-३०२४ आहे आणि तिथे रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, डॉक्टरची गरज नाही. औषधच चुकीचं दिलं गेलं असेल तर बिलासह जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी द्या. त्यासाठी बिल हवं, म्हणून दोन गोळ्या घेतल्या तरी बिल मागा, आणि त्यावर बॅच नंबर लिहिलाय ना ते दुकानातच बघून घ्या.